एका वेळी काय काय

यादी करून आणा, मी सांगितलं होतं.
उझोआमाकानं पोरीच्या वहीचं पान फाडून आणलं.
दुकानात बॅटऱ्यांच्या रांगा, त्यांवर हार्मटनची धूळ,
बाहेर ओगुई रस्त्यावर दारादारात जनरेटर खोकत होते.
एनुगूच्या पोटात कोळसा आहे, शाळेत शिकवलं होतं.
मेणबत्तीच्या उजेडात पाठ केलं आम्ही ते.

पंखे दोन, सत्तर-सत्तर वॅट. दिवे सहा. टीव्ही.
चार्जर किती, ते तिलाही ठाऊक नव्हतं.
डीप फ्रीजर, दीडशे. त्यात तिची विक्रीची मासळी,
म्हणजे घरभाडं आणि दोन पोरांची फी,
बर्फात घालून ठेवलेली.
आणि?
आणि काही नाही.
बाई, ताकाला येऊन भांडं लपवू नका, इस्त्री कुठाय?
पान उलटलं तर मागे होती, हजार वॅट,
आणि तिच्याखाली पाण्याचा पंप,
खोडून परत लिहिलेला.

मी लगेच बेरीज करत नाही.
घरात काय काय आहे, याच्याशी मला कर्तव्य नसतं,
एका वेळी काय काय चालेल ते सांगा.
पंप आणि इस्त्री सवती समजा,
एक बसली की मगच दुसरीनं उठायचं.
आणि फ्रीजरच्या दीडशेवर भुलू नका,
मोटर उठताना सहाशे-सातशे मागते, क्षणभरच,
एकदा उठली की गुमान चालते.
"आमच्या पापांसारखी," ती म्हणाली.
"सकाळी खाटेवरून उठवायला तिघं लागतात,
मग दिवसभर एकटे फिरतात अंगणात."

दोन खोकी पुढे ठेवली.
स्वस्तातल्याची लाट पायऱ्यापायऱ्यांची.
पंखा जोडून दाखवला, तो गुणगुणत राहिला,
कानाशी डास असावा तसा.
दुसऱ्याची लाट मिलिकन टेकडीच्या रस्त्यासारखी,
वळत चढते, वळत उतरते, धक्का नाही.
पंखा मुका झाला.
किंमत ऐकून तीही.

तेवढ्यात फोन. पापा न्वान्क्वोच होते,
इतक्या मोठ्यानं बोलत होते की दुकानाला ऐकू आलं:
शिलाई मशीन धरलंस का?
तिनं फोन छातीशी दाबला.
"आईचं आहे. चार वर्षं कुणी हात लावलेला नाही."
मी पान सरळ केलं. मोटरचं असेल तर शंभर, म्हटलं.
ती पानाकडे बघत बसली,
मग माझं पेन घेऊन इस्त्री खोडली, तिनंच,
आणि पंपाच्या खाली, पोरीच्याच अक्षरासारखं गोल,
लिहिलं: मशीन.

खरं सांगायचं तर शंभरानं काहीच बदलत नव्हतं.
साडेतीन केव्हीए आधीही लागत होतं, नंतरही तेवढंच,
इस्त्रीही बसली असती त्यात, पाळीपाळीनं.
मी बोललो नाही.
अर्धे पैसे तिनं दिले, अर्धे ईस्टरला.

गुरुवारी जोडून दिलं. दुपारी वीज गेली.
शेजारचं रेडिओवरचं भांडण मध्येच तुटलं.
आमच्या डोक्यावरचा पंखा फिरतच राहिला.
पापांनी वर पाहिलं, संशयानं,
कुणीतरी हिशेबात चुकल्यासारखं.
मग काठीनं कोपऱ्याकडे दाखवलं.

मशीनवरचं कापड मीच काढलं.
सुईत दोरा नव्हता. पेडल दाबलं,
सुई हवेत टाके घालू लागली, खडखड, खडखड,
इन्व्हर्टरच्या पडद्यावर आकडा चढला
आणि पंचाण्णववर थांबला.
उझोआमाका स्वयंपाकघरातून बाहेर आली,
हाताला मासळीचे खवले.
कुणी काही म्हणालं नाही.
मोजून असेल एक मिनिट.

"पुरे," पापा म्हणाले, "बॅटरी उतरेल."